गाऱ्हाण्यावर टाकलेलं गाणं

प्रिय विनू,

गणपती तोंडावर आलेत आणि मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे. समोर असतास तर तोंडावर ऐकवलं असतं. नाहीस, म्हणून लिहिते आहे.

तू गेलास त्या वर्षी बोरिवलीच्या घरात गणपती आणला नाही. यंदा पुन्हा बसवायचा असं शुभाने आणि तुमच्या लेकीने, मृणालने, ठरवलं. मूर्ती सांगून झाली, आणि मग तुझी बायको मला विचारते, "ताई, आरतीनंतर गाऱ्हाणं कोण घालणार?"

बाबा होते तोवर बाबा घालायचे, त्यांच्यामागे तू. आधी गावच्या देवांची नावं, ती आपल्या घरच्या ठरलेल्या क्रमाने. मग घरातल्या एकेकाचं त्या वर्षीचं दुखणं, अडचण, मागणं, सगळं मालवणीत देवाच्या कानावर घालायचं. प्रत्येक वाक्याला आम्ही मागून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तो क्रम आता कोणालाच येत नाही. आम्हाला फक्त व्हय म्हणायची सवय.

"हे म्हणायचे, सगळं व्हिडिओत आहे, काही काळजी करू नका," शुभा म्हणाली. म्हणून काल दुपारी आम्ही तिघी टीव्हीसमोर बसलो.

काय करून ठेवलं आहेस रे हे?

आरती संपते. बाबा हात जोडून पुढे होतात, तोंड उघडतात, आणि सनई वाजायला लागते. सनईवर कुठल्या तरी बाईचं भक्तिगीत. बाबांचे ओठ हलताहेत आणि आवाज त्या बाईचा. बाबांच्या डोक्यामागे सोनेरी चक्र फिरतंय. मोदकांतून चांदण्या उडताहेत. मृणाल हसायला लागली, मग शुभाचा चेहरा बघून तिने हसू आवरलं.

मी म्हटलं, ठीक आहे, ओठांवरून ओळखू. मालवणी मला कळते आणि बाबा सावकाश बोलायचे. पहिल्या देवाचं नाव लागलं. दुसऱ्याला तू पान उलटलंस! पुस्तकाचं पान उलटतं तसे बाबा दुमडून गेले आणि खालून निघाले केळीच्या पानावरचे वडे. मग बदामाच्या आकारात पुन्हा बाबा. मग चौकोनी डबा गरागरा फिरला आणि त्याच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला शेजारच्यांचा कुत्रा. अख्ख्या गाऱ्हाण्यातलं तू ठेवलंस किती? दोन-तीन वाक्यं, तीही मुकी.

तेव्हाच मी विचारलं होतं तुला. नवा कॉम्प्युटर घेऊन तू खुर्चीला चिकटून बसायचास ते दिवस.

"विनू, बाबांचा आवाज कुठे गेला?"

"आवाज बोअर होतो गं ताई. मागे पंखा घरघरतो, कुकरच्या शिट्ट्या येतात. म्युझिक टाकलं की बघ कसं झकास."

"आणि मूळचं?"

"कॅसेटमध्ये आहे ना. कुठे पळतंय?"

कुठे पळालं ते काल शुभाने सांगितलं. त्याच कॅसेटवर तू पुढे मृणालचा वाढदिवस घेतलास. आणि त्यावर महाबळेश्वर. गोरेगावच्या फिल्म स्टुडिओवरून जाताना तू म्हणायचास, आपण इथे असायला हवं होतं. बरं झालं नव्हतास.

तुझं स्वतःचं गाऱ्हाणं तरी असेल म्हणून शोधलं. तेही नाही. कॅमेरा कायम तुझ्या हातात, दुसऱ्या कोणी हात लावलेला तुला चालायचा नाही. मग हात जोडायची वेळ आली की कॅमेरा बंद. इतकी वर्षं देवापुढे उभा राहून काय मागत होतास, त्याचा एक शब्द मागे नाही.

बाबा आपल्याला कधी जवळ घेऊन बोलले का रे? घरात त्यांचं बोलणं म्हणजे "भाजीत मीठ कमी हा." पण देवापुढे माझ्याबद्दल म्हणायचे, "ह्या माझा चेडू परीक्षेक बसला हा, तेका यश दी." आईबद्दल म्हणायचे, "तिचा ढोपार दुखता, ता बरा कर." माझी त्यांना काळजी आहे हे मला फक्त तिथे, त्यांच्या पाठीमागे उभं राहून कळायचं. आणि तुला त्यात पंखा ऐकू आला.

एक जागा मी तीनदा मागे नेऊन पाहिली. बाबा बोलता बोलता वळतात, कॅमेऱ्याकडे बोट करतात, म्हणजे तुझ्याकडे, आणि काहीतरी म्हणतात. आई तोंडाला पदर लावते. कॅमेरा हलतो. वरून तू गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या आहेस, नेमक्या त्यांच्या तोंडावर. काय मागितलं त्यांनी तुझ्यासाठी? तू हसत होतास की रडत होतास? आई आता नाही, आम्हा कोणाला आठवत नाही; हे सांगू शकणारा एकटा तू होतास. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, विनू.

कालच चुलतकाकांना फोन केला. त्यांनाही नावं धड आठवेनात, पण सल्ला तयार होता. "बायलमाणसांनी गाऱ्हाणा घालूचा नसता." मी म्हटलं, "मग काका, तुम्ही या बोरिवलीला." तर त्यांचे पाय सुजलेत.

तेव्हा ऐक. यंदा गाऱ्हाणं मी घालणार आहे. देवांची नावं आठवतील तेवढी घेईन, क्रम चुकला तर देव मला विचारेल, मी त्याला तुझं नाव सांगेन. शुभाची झोप उडालीय ते सांगेन, मृणालच्या नोकरीचं सांगेन. आणि शेवटी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन, "बा देवा म्हाराजा, माझो धाकटो भाव विनू तुझ्याकडे इलो हा. तेका सांभाळ. तेका काय व्हया ता दी. पण तेच्या हातात कॉम्प्युटर तेवढो दिव नको."

आणि तुझी बायको आणि तुझी मुलगी, दोघींना त्यावर "व्हय म्हाराजा" म्हणावं लागेल.

तुझी,
सुलूताई