मोटर दुरुस्त झाली

प्रिय कडूबा,

तुमचं नाव मी आजवर तोंडानं घेतलं नाही. पाकिटावर लिहावंच लागलं, मग आत तरी कशाला आडपडदा. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते. माझंही चाललंय. क्रांती चौकातल्या दुकानात पिको-फॉलचं काम तसंच आहे, लग्नसराईत मान वर करायला सवड नसते. मागच्या आठवड्यात पाचोडला सासूबाईंना भेटून आले. त्यांना आता नीट दिसत नाही, पण आवाजावरून ओळखतात. तुम्हाला सुट्टी मिळत नाही असं मी त्यांना सांगते. तुमचा चाकणचा पत्ता शफीकभाईंनी दिला, शेंद्र्याच्या कंपनीत तुमच्याबरोबर होते ते. त्यांच्यावर रागावू नका, मीच लई मागं लागले होते.

बातमी घराचीच आहे. होळीनंतर कूलर बंद पडला आणि पंधरा दिवसांत टाकीत पाणी चढवणारी मोटरही जळाली. दोन्ही वस्तू घरमालक म्हणून तात्यासाहेबांनी घराबरोबर दिलेल्या, म्हणून मी लगेच खाली जाऊन सांगितलं. ते म्हणाले, करार तुमच्या मिस्टरांच्या नावावर आहे, त्यांना एकदा माझ्याशी बोलायला सांगा, मग काय ते करू. मी म्हटलं, सांगते. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तुमची दुसरी पाळी चालू होती. तिसऱ्यांदा तुम्ही आईच्या आजारपणासाठी पाचोडला होता. चौथ्यांदा कंपनीनं तुम्हाला ट्रेनिंगला पाठवलं होतं. इतकं खोटं मी जन्मात बोलले नव्हते. आणि बोलताना मला खरंच वाटायचं, की तुम्ही तिथं तिथं आहात आणि संध्याकाळी येणार आहात.

नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, ते खालच्या हौदात. तिथून दोन जिने बादल्या वाहायच्या. दुपारी फरशी इतकी तापायची की ओली चादर अंथरून पडायचे. खरं सांगून टाकावं असं रोज मनात यायचं, पण मागच्या गल्लीत एका बाईला एकटी राहते म्हणून खोली सोडायला लावली होती. म्हणून तर तुम्ही मागं ठेवलेला निळा शर्ट मी दर रविवारी धुऊन गॅलरीत वाळत घालते. न वापरलेला शर्ट. लोकांनी बघावा म्हणून सुरू केलं होतं. आता लोकांसाठी धुते की माझ्यासाठी, नक्की सांगता येणार नाही.

गेल्या रविवारी सकाळी जिन्यात पाय घसरला. बादली सांडली आणि पाणी थेट तात्यासाहेबांच्या दारात गेलं. ते बाहेर आले. आधी लागलं का म्हणून विचारलं, मग जरा चिडूनच म्हणाले, "घरात पुरुषमाणूस असताना तुम्ही कशाला बादल्या वाहता? आहेत कुठं ते?"

कोपर सोलला होता. चौथं कारण काही केल्या सुचेना.

"ते येत नाहीत," मी म्हणाले. "दोन वर्षं झाली. वर मी एकटीच राहते."

हे मी पहिल्यांदाच कुणाजवळ बोलले. आईला सांगितलं नव्हतं, दुकानात नव्हतं. आता तात्यासाहेब खोली खाली करा म्हणतील, म्हणून मी पायरीवर तशीच बसून होते. ते म्हणाले, "मग हे आधी सांगायचं ना. मी दोन महिने नसलेल्या माणसाची वाट बघत बसलो."



दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुबारक मिस्त्रीला पाठवलं. मिस्त्रींनी मोटर नवी तार भरून आणली, कूलरचा पंप बदलला, आणि नाव-नंबर लिहायला वही काढून विचारलं, कुणाचं नाव टाकू. मी माझं सांगितलं. ते गेल्यावर नळ सोडला. मोरीत पाणी धो धो पडायला लागलं, आणि आलं बघा पाणी, असं म्हणत मी मागं वळले. खोलीत कुणीच नव्हतं.

तात्यासाहेब करार माझ्या नावावर करायला तयार आहेत. त्याआधी जुना रद्द व्हायला तुमच्या सह्या लागतात. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. कागद सोबत आहे, पेन्सिलीनं दोन जागी खूण केली आहे. परत पाठवायला तिकीट लावलेलं पाकीटही ठेवलंय, त्यावर माझा पत्ता आहे. का गेलात, ते मी विचारत नाही. सह्या झाल्या की या घरात तुमचं नाव कुठं राहणार नाही आणि तुम्हाला कुणी काही विचारायला येणार नाही. फक्त एक सांगते. त्या पाकिटात आणखी एक कागद घातला, तरी जास्तीचं तिकीट लागत नाही. पोस्टात मी विचारून घेतलंय.

तुमचीच, असं लिहायची सवय अजून न मोडलेली,
भागू