‘पर्यायी व्यवस्था’बद्दल एका तटस्थ श्रोत्याचं मत

२ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. आजपासून रोज लिहायचं. पुढेमागे कोणी मुलाखत घ्यायला आलं तर तारखा लागतात.

पहिलं काम: ‘पर्यायी व्यवस्था’ या रॉक अल्बमला न्याय मिळवून देणे. अल्बम आमच्याच बँडचा. मी गेल्या वर्षी कामासाठी इतक्या लांब आलो आणि माझ्या जागी बारकी गायला लागली. बारकी म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. ड्रमवर मामेभाऊ ढोल्या. गिटारवर फ्रीजवाला, तो फ्रीज दुरुस्त करतो आणि प्रॅक्टिस त्याच्याच दुकानात चालते. अल्बमचं नाव ढोल्याने ठेवलं. म्हणाला, तुला टोमणा नाही रे, रस्ता खणला की पाटी लावतात ना, तसं. मी हसलो. मला असल्या गोष्टींचा राग येत नाही.

नऊ गाणी. दोन महिन्यांत तीनशे अकरा वेळा ऐकली गेली. त्यातले साठेक वेळा मीच असेन. खाली लोकांनी लिहिलंय, जुन्या गायकाची मजा नाही. दुसऱ्याने लिहिलंय, पोरगी बरी आहे पण तो पाहिजे होता. वाचून फार वाईट वाटलं. चार वेळा वाचलं.

लोक अन्याय करताहेत. आणि याचा खरा निवाडा कोण करणार? ज्याची जागा गेली तोच. मन मोठं करून, एकदम तटस्थ.

३ नोव्हेंबर, सोमवार, दुपारची सुट्टी

सुरुवात झाली नाही. चादरी जास्त होत्या.

इथे आमची लॉन्ड्री हॉस्पिटलच्या तळघरात. ओली चादर रोलरवर चढवायची, पलीकडून इस्त्री होऊन येते, दोघांनी टोकं धरायची, तीन घड्या. दिवसाला अकराशे. कुठे अडकली तर घंटा वाजते, म्हणून नियम आहे: एक कान उघडा पाहिजे. गाणी चालतील, पण एकाच कानाला. सुपरवायझर बाई तपासते. त्यामुळे इथे सगळ्यांनी इयरफोनची उजवी वायर कात्रीने कापून टाकली आहे. मी पहिल्याच आठवड्यात कापली. तेव्हा बाई म्हणाली होती, हा शिकेल लवकर.

अल्बम फोनमध्ये उतरवून घेतलाय, तो मी असा काम करता करता ऐकतो. आठ तासांत सात वेळा होतो. एवढा अभ्यास कोणी केला असेल?

५ नोव्हेंबर, बुधवार

फॉर्म आला. अजून दोन वर्षं राहायचं असेल तर २८ तारखेपर्यंत सही करायची. मी करणार नाही. अल्बम चालला नाही म्हटल्यावर बँडचा फोन येणारच. त्यांना कमीपणा वाटायला नको म्हणून मी आपणहून विचारत नाहीये, एवढंच.

फॉर्मवर एक रकाना आहे: इतर कौशल्य. सही करायची नाहीच, पण तेवढा भरून ठेवला. पेन्सिलने. ‘गायक (मूळ).’

६ नोव्हेंबर, गुरुवार

लेखाची पहिली ओळ झाली. ‘हा अल्बम लोकांना वाटतो तेवढा वाईट नाही.’

खोलीतल्या आचाऱ्याला वाचून दाखवली. तो हॉस्पिटलच्या किचनमध्ये आहे, वयाने माझ्या काकाएवढा, तीन वाजता सुटतो आणि मग माझ्या पलंगावर बसून मोजे काढतो. म्हणाला, लेका, ही स्तुती आहे की सांत्वन? मी म्हटलं, काका, हे समीक्षण आहे. तो म्हणाला, असेल बाबा, मी फक्त सूप करतो.

९ नोव्हेंबर, रविवार

बारकीचा फोन. दर रविवारी अकराला असतो. आज विचारत होती, दादा, सातवं गाणं ऐकलंस का? मी म्हटलं, सगळीच ऐकली. म्हणाली, सातवं नीट ऐक ना. शांत बसून, हेडफोन लावून. मी म्हटलं, रोज हेडफोनवरच ऐकतो. मग? म्हणाली. मी म्हटलं, प्रयत्न चांगला आहे.

मग आईने फोन घेतला. जेवलास का, म्हणाली.

बारकीला स्तुती हवी आहे, दुसरं काय. लहानपणापासून तसंच. चित्र काढलं की आधी माझ्याकडे घेऊन यायची. पण समीक्षकाला नाती आड येऊ देता येत नाहीत.

१० नोव्हेंबर, सोमवार

सातव्याबद्दल लिहूनच टाकतो, कारण डोक्यात तेच आहे.

‘पोचलास का’. गाणं मी केलेलं. इकडे येण्याच्या आदल्या आठवड्यात, आईची नक्कल म्हणून. एकाने विचारायचं, एकाने सांगायचं. पोचलास का? पोचलो. जेवलास का? जेवलो. थंडी आहे का? नाही. येतोस कधी? बघू. फ्रीजवाल्याच्या दुकानात एकदा बारकीला समोर बसवून रेकॉर्डही केलं होतं. हसून हसून वाट लागली होती.

अल्बमवर काय केलंय? प्रश्न ठेवले आणि माझी उत्तरं गाळली! बारकी विचारते, पोचलास का. मग नुसता ड्रम. जेवलास का. ड्रम. प्रत्येक ओळीनंतर ती थांबते, जणू कोणाची वाट बघत दारात उभी आहे. येतं कोणीच नाही.

गाळायचं होतं तर फोन करून सांगायचं. मी काय नाही म्हटलं असतं? म्हटलं असतं. पण सांगायचं तरी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी साडेपाचला उठून लेख लिहायचा नवा नियम. उठलो सव्वासातला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लेख टाकला! अल्बमच्या खाली, ‘एक तटस्थ श्रोता’ या नावाने. खऱ्या नावाने लिहिलं असतं तर लोकांना भावाचं प्रेम वाटलं असतं.

सुरुवात स्तुतीनेच केली. ढोल्याचा हात सुधारलाय. बारकीचा आवाज चौथ्या गाण्यात असा काही वर जातो की माझ्या हातातली चादर तशीच राहिली, हे मात्र लिहिलं नाही, चादरीवरून ओळखतील. मग सातवं. तिथे हात जरा सुटला. आधी लिहिलं होतं, उत्तरं कुठे आहेत? पण उत्तरं होती हे आम्हा चौघांनाच माहीत. म्हणून भाषा बदलली, जरा भारदस्त केली. ‘गायिका प्रत्येक ओळीनंतर ताटकळते. ज्याच्यासाठी ताटकळते ते असून नसल्यासारखं आहे. गाण्याला तिथे भोक पडलं आहे. एकतर ते नीट भरा, नाहीतर शिवून टाका.’

नववी नापास माणसाने लिहिलंय असं कोणी म्हणणार नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बँडचं उत्तर आलं! भाषेवरून बारकीच. ‘इतकं कान देऊन आमचं कोणी कधी ऐकलं नव्हतं. तुमचं म्हणणं आम्ही मनावर घेतोय.’

मनावर घेताहेत. भोक कशाने भरणार? मीच लागणार ना! येत्या रविवारी नाहीतर पुढच्या रविवारी फोन येतो बघ.

१६ नोव्हेंबर, रविवार

फोन आला नाही. मेसेज आला: आज सगळे दुकानात आहोत दादा, काम चाललंय, पुढच्या रविवारी बोलू.

काम चाललंय. म्हणजे माझ्यासाठी जागा करताहेत. बॅग पलंगाखालून काढली. आचाऱ्याला माझी चहाची किटली देऊन टाकली. तो म्हणाला, तिकीट काढलंस? मी म्हटलं, काका, तिकीट ही शेवटची गोष्ट असते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज एक किरकोळ प्रकार.

परतल्यावर स्टेजवर पहिलं वाक्य काय बोलायचं याचा विचार करत होतो. घंटा वाजली. मला वाटलं पाचव्या गाण्यातलीच आहे, तिथे फ्रीजवाला गिटारवर तसंच काहीतरी करतो. ती नव्हती. एकवीस चादरी रोलरला गुंडाळल्या गेल्या, दोन करपल्या. बाई ओरडली नाही, हेच वाईट. एवढंच म्हणाली, उद्यापासून मळक्या बाजूला.

मळकी बाजू म्हणजे वॉर्डातून आलेल्या पिशव्या उघडून कपडे वेगळे करायचे. जाड हातमोजे, तोंडाला मास्क. एका अर्थी बरंच झालं. जाणाऱ्या माणसाला चांगली जागा सोडवत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मळक्या बाजूला घंटा नाही, तरी नियम तोच. एक कान.

२३ नोव्हेंबर, रविवार

अकरा वाजून चार मिनिटांनी फोन. जसं झालं तसं लिहितो.

बारकी खूश होती. म्हणाली, दादा, रागावू नकोस, एक सांगायचंय. सातवं गाणं आम्ही बदललं. मी म्हटलं, हां हां, बोल. बॅग समोरच होती. म्हणाली, तुझा आवाज काढला.

मी म्हटलं, कुठला आवाज?

म्हणाली, असं काय रे, तुझी उत्तरं. दुकानातल्या त्या रेकॉर्डिंगमधली. मी डाव्या कानाला आणि तू उजव्या, म्हणजे हेडफोन लावले की तू शेजारी उभा आहेस असं वाटायचं. तुला सरप्राइज म्हणून सांगितलं नव्हतं. पण तू काही बोललाच नाहीस. प्रयत्न चांगला आहे म्हणालास. आम्ही समजलो, तुला आवडलं नाही. तरी मी ठेवा म्हणत होते. मग एका जाणकार माणसाने एवढं मोठं लिहिलं, वाचलंस का तू? तो बिचारा सभ्य आहे, तुझ्याबद्दल सरळ वाईट लिहिलं नाही, पण म्हणाला असून नसल्यासारखं आहे, शिवून टाका. ढोल्या म्हणाला, बरोबर बोलतोय. मग टाकलं शिवून.

मी म्हटलं, बरोबरच बोलला.

म्हणाली, तुला वाईट नाही ना वाटलं? मी म्हटलं, छे.

आईने फोन घेतला. जेवलास का. जेवलो, म्हटलं.

तोच दिवस, दुपारी

आचाऱ्याचे मोठे हेडफोन मागून घेतले. जुनं गाणं फोनमध्ये उतरवलेलं होतं.

आहे. उजव्या कानात आहे मी. पोचलो. जेवलो. मागे फ्रीजवाल्याचा कोणतातरी फ्रीज घुं घुं करतोय. सगळी उत्तरं घाईत दिली आहेत, तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत. आणि तिने नव्याने गाताना स्वतःची ओळ माझ्या घाईप्रमाणे आखडती घेतली आहे, आणि मग थांबली आहे, मला पूर्ण बोलू द्यायला.

शेवटी येतोस कधी विचारते. मी बघू म्हणतो आणि हसतो. तिने ते हसू संपेपर्यंत वाट बघितली आहे. मी मोजलं. सहा सेकंद.

आचारी म्हणाला, काय रे, काय झालं? मी म्हटलं, काका, तुमच्या हेडफोनला सूपचा वास येतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ठरलं. बारकीला खरं सांगायचं. तो श्रोता मी आणि तो बहिरा मी. आज ती दुकानात असेल, उद्या सांगतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लिहायला घेतलं. ‘बारके, ती वायर मी स्वतः कापली होती.’ पुढे काही सुचेना. असं मेसेजवर सांगणं बरं नाही. फोनवरच बोलावं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

फोनवरही नको. ती आनंदात आहे. ऐन वेळी मिठाचा खडा कशाला? समोर भेटल्यावर सांगेन.

किटली परत मागितली. आचाऱ्याने घासून दिली, वर त्यात पाणीही भरून दिलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सही केली. दोन वर्षं.

बाईने फॉर्म वाचला. इतर कौशल्यावर बोट ठेवून म्हणाली, हे काय? मी म्हटलं, जुनं आहे. खोडरबर तिच्याच टेबलावर होता.

३० नोव्हेंबर, रविवार

सातवं बदलून अल्बम काल नव्याने आला. एका दिवसात नऊशे. एकाने लिहिलंय, आता जुना गायक आठवत नाही. एकदाच वाचलं.

नवे इयरफोन घेतले. उद्या उजवी वायर कापावी लागेल, म्हणून आज खोलीत बसून दोन्ही कानांनी नऊही गाणी ऐकली. चौथं ऐकताना आचाऱ्यालाही एक बाजू दिली. तो म्हणाला, ही पोरगी कोण? मी म्हटलं, माझी बहीण. म्हणाला, मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का तुझं?

अल्बम चांगला आहे. आधीही होता. लोकांना कळला नव्हता, आणि लोकांत मी होतो.

तटस्थ श्रोत्याच्या नावाने खाली लिहिलं, ‘आता बरोबर आहे.’ पाच मिनिटांत बारकीने बदाम टाकला.

सातवं गाणं एकवीस सेकंदांनी लहान झालंय. पोचलास का, जेवलास का, थंडी आहे का, येतोस कधी, सगळं एका दमात विचारते.

आता कुठेच थांबत नाही.