चुन्याची वाकडी रेघ

नुकारेनी,
सोमवार, ३० सप्टेंबर

लाडक्या एमिल,

देव तुला सुखात ठेवो आणि तुझे गुडघे शाबूत ठेवो. इकडे सगळं ठीक आहे. द्राक्षं उतरवून झाली. शेजारची लेआना आणि तिचा नवरा मदतीला आले म्हणून झाली. रस यंदा गोड आहे पण बेताचाच निघाला. करड्या कोंबडीला कोल्ह्यानं नेलं. तुझे बाबा बरे आहेत. हल्ली त्यांच्या शर्टाची बटणं मलाच लावावी लागतात, म्हातारपणी लाडात आलेत म्हण.

तोआदेरच्या मिनीबसमधून पत्राबरोबर आलुबुखाराचा मुरांबा आणि मेंढीचं चीज पाठवते आहे. चीज मिठाच्या पाण्यातच राहू दे, मागच्या वेळी तू ते काढून फ्रीजमध्ये ठेवलंस आणि त्याचा दगड झाला. फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनला रेंज फक्त स्वयंपाकघरात येते आणि तिथं चुलीपाशी तुझे बाबा पेपर धरून बसलेले असतात. पेपर उलटा असला तरी त्यांना कळत नाही, कारण कान सगळे माझ्याकडे.

तू फोनवर ठेवलेला निरोप मी अंगणात जाऊन ऐकला. यापुढे गावच्या त्या मैदानात पाय ठेवणार नाहीस म्हणालास. बाप आपल्या पोराचा हात हातात घेत नसेल तर त्या बापाला काय म्हणायचं, असंही म्हणालास. आणि शेवटी म्हणालास की मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला आता दुसरा माणूस बघा, ती वाकडी रेघ बघून आमच्या संघातली पोरं हसत होती. मी त्यांना यातलं काही सांगितलं नाही. चार वर्षं मी तुम्हा दोघांचे निरोप पोचवते आणि अर्धे वाटेतच गिळते. थकले रे मी आता.

तू रागावलास त्यात तुझं काही चुकलं नाही. पण सामन्याच्या दिवशी मी मैदानाच्या फाटकापाशी सूर्यफुलाच्या बिया विकत होते आणि मला तिथून सगळं दिसत होतं, ते तुला सांगायला हवं.

चषकाच्या सोडतीत आपल्या गावाच्या वाट्याला तुमचा क्लब आला तेव्हा गावात कुणाला हसावं की रडावं कळेना. एकीकडे तुम्ही, दरवर्षी देशाचे विजेते. दुसरीकडे आपली टीम, म्हणजे दोन ट्रॅक्टरवाले, इटलीहून घरी आलेले गवंडी आणि गोलात शाळेतले गणिताचे मास्तर. तुझे बाबा मैदान राखणारे, ते मात्र आठवडाभर तिथंच. सामन्याच्या सकाळी पाऊस पडून गेला. गोलापुढच्या खड्ड्यात पाणी साचतं हे तुला माहीतच आहे, लहानपणी तू त्यातच लोळून मोठा झालास. बाबांनी हातगाडीतून वाळू आणि भुसा नेला आणि पलीकडच्या, पॉप्लरच्या झाडांकडच्या गोलापुढचा खड्डा भरला. मी म्हटलं, अहो, आपले मास्तर आधी अलीकडच्या गोलात उभे राहणार, मग तिकडे कशाला? तर म्हणाले, "पाहुण्यांची सोय आधी करायची, तसा नियम आहे."

असला नियम मी कधी ऐकला नव्हता. मध्यंतराला तुम्ही सगळे आत कपडे बदलत होतात तेव्हा ते पुन्हा हातगाडी घेऊन निघाले, एका हातानं ढकलत, आणि पलीकडची वाळू उपसून तिनंच अलीकडचा खड्डा भरला. दुसऱ्या डावात तू तिथं उभा राहणार होतास. आपल्या मास्तरांनी पाच गोल खाल्ले ते दोन्ही डाव चिखलात लोळून. अजून ते गावभर कुरकुरत असतात की ग्रिगोरेची वाळू मी जाईन तिथून पळून जाते.

म्हणून म्हणते, हात दिला नाही तेवढंच धरून बसू नकोस.

तू नदीपलीकडे खेळायला गेलास याचं त्यांना काय झालं ते मी नव्यानं सांगायला नको. ब्याण्णवच्या लढाईत नदीपलीकडच्यांची गोळी लागलेल्या निकॉनकाकाला त्यांनी त्याच नदीच्या पुलावरून पाठीवर टाकून आणलं. मीही तेव्हा पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी उभी होते. पण तू जन्मलास लढाई संपल्यावर. तुला चांगलं गवत हवं होतं, चांगला कोच हवा होता, आणि ते पलीकडे होतं. तू चूक आहेस असं मला कधी वाटलं नाही. ते चूक आहेत असंही मला म्हणता आलं नाही. दोघांच्या मधे उभं राहायला मात्र मी एकटीच होते.

राष्ट्रीय संघात तुझं नाव आलं हे रेडिओवर आधी त्यांनीच ऐकलं. मला सांगितलं नाही. बाहेर जाऊन टीव्हीचा अँटेना फिरवत बसले. मी विचारलं, हे काय चाललंय, तर म्हणाले, वाऱ्यानं हलला होता. त्या दिवशी वारा नव्हता. मग जेवताना म्हणाले, आपला संघ हरणारच, पण गोलकीपर चांगला असला तर माणूस मान वर करून हरतो. मी तोंडातला घास तसाच धरून बसले. चार वर्षांत त्यांनी तुझ्याबद्दल चांगलं म्हणून तेवढंच काढलं.

बरं. आता जे लिहायचं ते लिहिते, नाहीतर तोआदेर निघून जाईल.

येत्या शनिवारी आपल्याकडे जेवण आहे. तुझे बाबा जिवंतपणीच आपलं दिवसकार्य करून घेणार आहेत. आजोबांनीही केलं होतं, तुला आठवत असेल, पण ते ऐंशीच्या पुढचे होते. गावात कुजबुज सुरू झाली आहे की ग्रिगोरेला एवढी कसली घाई. पाद्रीबाबांनी पुढच्या महिन्यातला शनिवार सुचवला होता. हे म्हणाले, नाही, याच शनिवारी. का ते मला नंतर कळलं. तुमचा सामना शुक्रवारी आहे आणि सोमवारी तुला राष्ट्रीय कॅम्पला जायचंय. मधे तुला मोकळीक आहे हे त्यांनी रेडिओ ऐकून ऐकून काढलं. तोंडानं मात्र म्हणतात, त्याला कळवायचं नाही.

एमिल, ती रेघ वाकडी होती कारण त्यांचा उजवा हात गेला आहे.

वसंतात पहिल्यांदा हातातून चमचा पडला. मग चुन्याची गाडी सरळ चालेना. मला वाटलं चाक बिघडलं, लेआनाच्या नवऱ्यानं चाक बदलून दिलं. जुलैत आम्ही राजधानीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. डोक्यात गाठ आहे. जिथं आहे तिथं हात लावता येत नाही म्हणाल्या, बर्फ पडायच्या आधी पायही जाईल. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला शपथ घातली की तुला सांगायचं नाही, पोरगं गोलात उभं असतं, त्याचं लक्ष चेंडूवर पाहिजे. मी शपथ घेतली, पण आज मोडते आहे. देवाला माझ्याकडून काय वसूल करायचं ते करू दे.

त्या दिवशी रेघा मारायला मास्तर तयार होते. हे म्हणाले, माझा पोरगा खेळायला येतोय, रेघा मीच मारणार. पहाटेपासून मारत होते. ती बाजूची रेघ तीनदा पुसली आणि चौथ्यांदा तशीच सोडून देऊन बाकावर बसले. मी पाणी घेऊन गेले तेव्हा ते रडत होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, निकॉन गेला तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आणि संध्याकाळी तू हात पुढे केलास तेव्हा ते म्हणाले, "हात चुन्यानं खराब आहेत." तो हात वर येत नव्हता रे, आणि तुझ्या संघातल्या पोरांसमोर त्यांना ते दाखवायचं नव्हतं.

जेवणाची तयारी झाली आहे. वाटायच्या वस्तू कुणाकुणाला द्यायच्या ते त्यांनी ठरवलंय. पलंग लेआनाच्या मुलीला, सायकल मास्तरांना, म्हणजे वाळूचं भांडण मिटेल. राहिलं पुलाचं कापड. आत्म्याला पाणी ओलांडायला म्हणून फाटकापाशी अंथरायचं आणि ज्याला द्यायचं त्यानं त्यावरून चालत येऊन ते उचलायचं. गेला हिवाळाभर ते मी मागावर विणलं, कुणासाठी विणते आहे हे माहीत नसताना. काल मी विचारलं, हे कुणाला द्यायचं? म्हणाले,

"एमिलला दे. आला तर. त्याला पूल ओलांडायची सवय आहे."

हा टोमणा होता की आशीर्वाद, मला कळलं नाही. तीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याचं बोलणं अजून मला कळत नाही. पण ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फाटकाकडे पाहिलं.

तू येशील की नाही मला माहीत नाही. रागावला असशील तर राहा रागावलेला, राग घेऊनही माणसाला घरी येता येतं. तू आला नाहीस तर कापड मी कुणालाच देणार नाही, घडी करून ठेवीन, आणि तुझे बाबा पुलाशिवाय जातील. तुला धमकी देत नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात ते ठेवायला माझा हात वर होणार नाही, एवढंच.

जेवण दुपारी आहे, चर्चमधून आल्यावर. तोआदेरची बस सकाळी आठला तुमच्याकडून निघते, मी त्याला जागा धरून ठेवायला सांगितलंय. चीजचा डबा परत आण.

आणि फाटकातून आत आलास की डावा हात पुढे कर. मी सांगितलं असं म्हणू नकोस. तुझी सवयच तशी आहे असं वाटू दे त्यांना.

पुलाच्या अलीकडे उभी असलेली,
तुझी आई
आग्लाया