नेरोलिनचं भांडं

सोबिरो,
रविवार, १४ जून

प्रिय नेरो,

तुला आणि एडिसनला बापाचा आशीर्वाद. माझं बरं चाललं आहे. गुडघा ठणकतो, डावीकडची दाढ हलते. छपराची एक बाजू अजून उघडीच आहे. रताळ्याचे वेल पुन्हा लावले, पण मातीत मीठ आहे अजून. रोज चिमूटभर जिभेवर ठेवून बघतो. तू हसशील, म्हणशील बाबा आता माती खायला लागले.

पेन नीट उमटत नाही, एकेक अक्षर दोनदा गिरवतो आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं पत्र आहे, सांभाळून घे.

तुझं पत्र पोचलं. काल शनिवारी, शब्बाथच्या सभेत चर्चच्या पाळकांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. येत्या शनिवारी तू इथे आमच्या मंडळीत बाप्तिस्मा घेणार, घरात शिंपल्या आणि डुक्कर शिजवणं बंद केलंस, जुनी भांडी बाहेर काढलीस. 'आईनं उपाशी मरताना माझ्या हातचं नाकारलं, पण देवाचा नियम मोडला नाही. मग मी कशी मोडू?' हे वाक्य पाळकांनी दोनदा वाचलं. बायका रडल्या. सेपिसोमावशी मला म्हणाली, "केरा, नऊ वर्षं पोरीसाठी गुडघे झिजवलेस. ऐकलं बघ देवानं." मी मान हलवली.



नऊ वर्षांपूर्वीचं तुझं लग्न आठवतं का? एडिसनच्या, पलीकडच्या गावच्या लोकांनी डुक्कर भाजलं होतं, त्यांच्या मंडळीत ते चालतं. मी पान उलटं केलं आणि होडीत जाऊन बसलो. एडिसन मागून पळत आला. "बाबा, बायबलात पेत्राला आकाशातून चादर दाखवली ना, सगळ्या जनावरांची? मार आणि खा, असं देवानंच सांगितलं ना?" मी म्हणालो, "आधी पुस्तक नीट वाचायला शिक. ती चादर माणसांबद्दल होती, जेवणाबद्दल नव्हती." तो हसून म्हणाला, "मग माणसांबरोबर बसा तरी." मी बसलो नाही. त्यानं होडी ढकलताना माझ्या हाताला हात लावला होता, तो हात मी खाडीत धुतला. तू ते पाहिलंस.

मग यंदा मार्चमधलं वादळ आलं. मळ्यात समुद्र शिरला, कंद जमिनीतच कुजले, माझी होडी फुटली, प्रवाळावर चिखल बसून मासे गेले. पाच आठवडे तांदळाचं जहाज फिरकलं नाही. तुझ्या आईला ताप होता. नारळाचं पाणी तेवढं घशाखाली उतरायचं, तेही पुढे उलटायला लागलं. हे तुला ठाऊक आहे.

तू एडिसनबरोबर भांडं पाठवलंस. तिवरातल्या शिंपल्यांचा रस्सा, नारळाच्या दुधातला. अर्धा दिवस वल्हवत आला होता बिचारा, तळहात सोललेले. मी त्याला दारातूनच सांगितलं, "ती घेणार नाही. काय खावं, काय खाऊ नये तो बायबलातला अकरावा अध्याय तिला पाठ आहे. ज्याला माशासारखे खवले नाहीत, पर नाहीत, ते ती तोंडात घालायची नाही." तो म्हणाला, "एकदा विचारून तरी बघा, बाबा." मी म्हणालो, "विचारलं." मी विचारलं नव्हतं. तो भांडं दारात ठेवून गेला.

नेरो, वास आत गेला होता. तुझ्या आईनं हाक मारली, "म्हाताऱ्या, नेरोची शिंपली ना ती?" आठ दिवसांत तिचा आवाज एवढा स्पष्ट आला नव्हता. म्हणाली, "दे जरा. वाटीभर दे." मी म्हणालो, "अगं, शेवटच्या दिवसांत स्वतःला विटाळायचं का?" ती म्हणाली, "देवाशी मी बघते. तू वाटी आण."

मी भांडं घेऊन तिवराकडे गेलो आणि ओतलं. घासायला वाळू घेतली. तळाशी दोन शिंपल्या चिकटून राहिल्या होत्या. त्या मी खाल्ल्या. बोटानं खरवडून रस्साही चाटला. मग भांडं तीनदा घासलं.

आत आलो तर ती दाराकडे बघत होती. मी सांगितलं, उन्हानं नासलं होतं. ती म्हणाली, "बरं." माझ्या हनुवटीकडे बघत होती. तिथे काही लागलं होतं का, मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्या तीन दिवसांत तिनं माझ्याकडे काहीही मागितलं नाही, पाणीसुद्धा नाही.

रश्शानं ती वाचली असती का? कोण सांगणार. मी रोज स्वतःला सांगतो, नसती वाचली.

आज सकाळी पाळकांकडे गेलो. दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट म्हणून सांगितली. त्यांनी ओळखलं असेल, तरुण असले तरी. म्हणाले, "काका, नियम माणूस जगावा म्हणून दिला. मीही पाळतो, उद्याही पाळीन. पण ती चादर माणसांबद्दल होती असं तुम्हीच शिकवता ना? मग भांडं आणणारा माणूस दारातून परत का गेला?" मी मंडळीचा वडील म्हणून चौदा वर्षं चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो आहे.

तू यावंस म्हणून मी नऊ वर्षं मागणं केलं. गप्प राहिलो तर शनिवारी तू येशील, माझ्या शेजारी बसशील. हे पत्र वाचून बहुतेक कधीच येणार नाहीस. उद्या एडिसन तांदूळ न्यायला धक्क्यावर येईल, त्याच्याच हाती देतो. त्यालाही वाचू दे. या वेळी त्याला घरात बोलावीन, येईल की नाही ठाऊक नाही.

पाण्यात उतरायचं तर उतर, नियम पाळायचा तर पाळ. पण आईचं नाव घेऊन उतरू नकोस. तिनं तुझ्या हातचं नाकारलं नव्हतं. मागितलं होतं.

भांडं सोबत पाठवतो आहे. घासलेलं आहे.

वाटी न आणलेला,
तुझा बाप
हेझरोम केरा