सोमवारची घागर

मुलींचं वसतिगृह,
छत्रपती संभाजीनगर
रविवार, ११ मे २०२५

ती. मच्छिंद्रकाका यांस,
दैवशालाचा नमस्कार.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात, म्हणून कागद-पेन घेऊन बसले. बद्रीनाथमामा उद्या केदारखेड्याला येतायत, त्यांच्या हाती हे पत्र पाठवतेय. मोठ्यांना लिहिताना आधी खुशाली विचारायची असते, तर विचारते. पाण्याच्या प्लांटला कुलूप लागल्यापासून कसं वाटतंय? रिकाम्या जारांकडे बघत बसता म्हणे दिवसभर. काकूंचे गुडघे कसे आहेत? काकूंचं मात्र मनापासून विचारतेय.

माझं बरं चाललंय. एम.टेक.चं दुसरं वर्ष संपत आलं. विषय जलशुद्धीकरण, आणि प्रबंध गावोगावच्या जारच्या प्लांटवर. तालुक्यातले चौदा प्लांट तपासले. आमच्या गाइड प्रेमला मॅडम म्हणाल्या होत्या, नात्यातला प्लांट घेऊ नकोस. मी म्हटलं, मॅडम, तिथल्या पाण्याची मला जेवढी माहिती आहे तेवढी कुणालाच नाही. हे काही खोटं नव्हतं.

एम.टेक.ची ही जागा मला चार वर्षांपूर्वीच मिळाली होती, आठवतं? माझी सगळी मूळ कागदपत्रं तुमच्या लोखंडी कपाटात होती. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी तुम्ही म्हणालात, "चावी सापडून न्हाई राह्यली." तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाला जाताना तेच कपाट उघडून तुम्ही फेटा काढलात. मी दारात उभी होते. बाबाही होते, पण मोठ्या भावापुढे त्यांनी कधी तोंड उघडलंय! मी रडायला लागले तर तुम्ही म्हणालात, "पानी साफ करायला डिगरी कशाला लागती? म्या बारावी नापास, सारं गाव माझं पानी पिऊन राह्यलं. लगीन जमस्तोर बस प्लांटवर, जार धू."

दोन वर्षं धुतले मी जार. आतून ब्रश, बाहेरून साबण. हाताची सालं निघाली. रात्रंदिवस एकच विचार असायचा, की ह्या माणसाला एक दिवस साऱ्या गावासमोर उघडा पाडायचा. अभ्यास मी कशाच्या जोरावर केला असं कुणी विचारलं तर आईचा आशीर्वाद म्हणते. खरं उत्तर तुम्ही आहात.

तुमची सोमवारची घागर मला तिथेच कळली. मशीन बोअरचं पाणी चांगलं गाळून टाकीत सोडायची, त्यात खोट नव्हती. पण दर सोमवारी तुम्ही अंघोळ करून अनवाणी मळ्यात जायचात, आपल्या देवाच्या दगडाजवळच्या विहिरीतून घागर भरून आणायचात आणि त्या शुद्ध पाण्यात ओतायचात. "मशिनीनं पानी साफ व्हतं, देवाबिगर पावन न्हाई व्हत." गावही खूश. आपल्या जारमध्ये देवाचं पाणी! त्या विहिरीला खेटून आपला गोठा आहे, सारं शेणमूत तिच्यात पाझरतं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. आणि जंतू मारायचं औषध तुम्ही टाकीत पडू दिलं नाहीत, का, तर चहाला वास येतो.

मी एकदा बोलले होते. तुम्ही मीटर टाकीत बुडवून गिऱ्हाइकांना आकडा दाखवलात. "बघा, पन्नास! बिलकुल बराबर. आमची इंजिनेर बाई म्हणती पानी खराब हाये." सगळे हसले. तो मीटर पाण्यातले क्षार मोजतो काका, त्याला जंतू दिसत नाहीत. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, पण हसण्यात ते बुडून गेलं.

म्हणून २१ एप्रिलला मी मुद्दाम सोमवार धरून आले, घागर पडल्यावर तासाभरानं. नमुन्याची बाटली तुम्हीच नळाखाली धरलीत, फोटो काढून घेतलात, स्टेटसला टाकलात. मी हसून उभी राहिले. पाण्यात मैल्याचे जंतू असले की आतल्या औषधानं ती बाटली दीड-दोन दिवसांत काळी पडते. ती काजळासारखी काळी झाली. खोलीत एकटी होते, तरी टाळी वाजवली मी.

मग एक मेची ग्रामसभा. मी बाटली टेबलावर ठेवली, सरपंच काकासाहेबांनी ती उचलून साऱ्यांना दाखवली आणि तुम्ही बसायला जागा शोधू लागलात. फार बरं वाटलं मला. आजही ती सभा आठवली की बरं वाटतं, खोटं कशाला लिहू! त्यातच शालू दवाखान्यातून कपडे न्यायला आली होती. तुमची पोटची पोर, पण सभेच्या दारातून ओरडली, "बाबा, माझ्या लेकराला काय पाजलं तुमी?" तिची चार वर्षांची स्वरा तेव्हा भोकरदनच्या दवाखान्यात सलाईनवर होती. जुलाब थांबत नव्हते. दीड दिवस पोरीला लघवी नव्हती.

पोर सहा दिवसांनी घरी आली, देवाची कृपा. शालूनं तुमच्याशी बोलणं टाकलं, तेही मला कळलं. आणि माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "दैवा, तू व्हतीस म्हनून कळलं गं. न्हाई तर म्या तेच पानी पाजत बसले अस्ते."

एवढंच सांगून पत्र संपवायचं होतं. तीनदा संपवलं, तीनदा फाडलं.

बाटली २३ तारखेला काळी झाली होती काका. बुधवारी. ग्रामसभा एक तारखेला, गुरुवारी. मधले आठ दिवस ती माझ्या टेबलावर होती.

आमच्या तपासणीचा नियम आहे, बाटली काळी पडली की त्याच दिवशी मालकाला आणि ग्रामपंचायतीला कळवायचं. एक फोन पुरतो. पण फोनवर कळवलं असतं तर तुम्ही गुपचूप टाकी धुतली असती, घागर बंद केली असती आणि गावाला काहीच कळलं नसतं. मला सभा हवी होती, गर्दी हवी होती. म्हणून वहीत मी नमुन्याची तारीख २१ ऐवजी २८ आणि बाटली काळी पडल्याची २३ ऐवजी ३० लिहिली.

आणि शुक्रवारी, २५ तारखेला, शालूचा फोन आला. माहेरी आलेय म्हणाली, चार दिवस राहीन. मग स्वरानं फोन घेतला. "दैवामावशी, आबांच्या प्लांटवर मी नळाला तोंड लावून पाणी प्यायले!" मला तेव्हा फक्त एवढं म्हणायचं होतं, शालू, पाणी उकळून दे. मी स्वराला म्हटलं, "अरे वा, गार होतं का?"

आजवर सारं गाव पितंय, कुणाला काय झालं, अजून सहा दिवसांत काय होणार, असं मनाला सांगितलं. स्वरा सोमवारी आजारी पडली.

पाणी तुम्ही घाण केलंत, ते पाप तुमचंच. त्यातलं गुंजभरही मी माझ्या अंगावर घेणार नाही. पण बुधवारनंतर तिच्या पोटात गेलेला एकेक घोट माझ्यामुळे गेला. शालू ते सगळं तुमच्या माथी मारतेय आणि मला देवी करून बसलीय. तिच्या तोंडावर सांगायला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आले.

प्रेमला मॅडमना काल सांगितलं. प्रबंधाचं काय होईल माहीत नाही. त्या फक्त म्हणाल्या, "मुलीच्या आईला सांगितलंस?"

शनिवारी सकाळच्या गाडीनं मी येतेय. त्याआधी हे पत्र शालूला वाचायला द्या. मला गावासमोर उघडं पाडायची याहून चांगली संधी तुम्हाला मिळणार नाही. खुशाल मजा घ्या, मीही घेतली होती. तुम्ही ते फाडून टाकलंत, तर शनिवारी तिच्यासमोर बसून मीच सगळं सांगेन. मग तिनं दार लावून घेतलं तरी चालेल.

आणि हे माफीचं पत्र समजू नका. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

तुमच्याच रक्ताची,
दैवशाला