रेफरीने धरलेला हात

हॅरो, सप्टेंबर २००९, रविवार

संध्याकाळी टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल पाहत होतो. डोक्याला धडक बसलेला खेळाडू उठला आणि चुकून दुसऱ्याच टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. रेफरीने खेळ थांबवला आणि हाताला धरून त्याला डॉक्टरकडे नेलं. कोच ओरडत होता, स्टेडियम ओरडत होतं, पण रेफरीने हात सोडला नाही. काय माणूस आहे!

आणि मी? दुपारी आमच्या क्रिकेट लीगमध्ये अंपायर होतो. बॅटिंग करणाऱ्या नितीनच्या हेल्मेटवर बॉल आदळला. "काका, ठीक आहे मी," म्हणाला, आणि मी खेळू दिलं. मी का नाही धरला हात?

लगेच नितीनला फोन केला. त्याची बायको म्हणाली, "दोनदा उलटी झाली, आता झोपलाय."

"उठव त्याला. गाडी घेऊन येतो."

हॉस्पिटलमध्ये स्कॅन केला, मेंदूत रक्तस्राव निघाला. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाली. मला तिच्याकडे बघवलं नाही.