पाय पुसून आत येणारं प्रेत

५ फेब्रुवारी

ती. ताईस
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला खरंच शेक देतेस की नुसतं लिहितेस, ते कळव. चाळीस वर्षं नर्स होतीस, म्हणजे स्वतःच्या दुखण्याबद्दल कुणाचंही ऐकणार नाहीस, हे मला ठाऊक आहे.

आता बातमी. आधी खाली बस. मला काम मिळालंय. बासष्टाव्या वर्षी मी सिनेमात प्रेत झालोय. साधं नाही, चालणारं. त्याला झॉम्बी म्हणतात. माणूस मरतो, उठतो आणि जिवंतांच्या मागे लागतो. आमचा सिनेमा विनोदी, म्हणून आम्ही मागे लागतो पण पोचत नाही. गोष्ट अशी की एक गादीवाला इतकी मऊ गादी बनवतो, की तिच्यावर झोपलेली माणसं झोपेतच मरतात आणि मग उशी शोधत गावभर फिरतात. हसू नकोस. म्हणजे हस, त्यासाठीच आहे ते.

खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली तिथे कपड्यांचं बघते. आधी शिवायचे आणि मग फाडायचे, याचा तिला फार संताप येतो. तिनेच माझं नाव सुचवलं. मला जिना उतरताना पाहून, याला काही शिकवावं लागणार नाही असं तिला वाटलं म्हणे. दिग्दर्शक आजवर लग्नांचं शूटिंग करायचा. त्याने मला चार पावलं चालायला लावली आणि तिथल्या तिथे हो म्हणाला.

एका बंद पडलेल्या गाद्यांच्या कारखान्यात काम चालतं. कापूस अजून उडतो, त्यामुळे सगळे शिंकतात, प्रेतंसुद्धा. आम्ही मेलेले एकूण चौदा. गर्दी दिसावी म्हणून कॅमेऱ्यासमोरून गेलो की मागून पळत येऊन परत रांगेत शिरायचं. मेल्यावर इतकं पळावं लागेल असं वाटलं नव्हतं.

रोज सकाळी एक मुलगी दीड तास माझा चेहरा रंगवते. हनुवटी धरून इकडे वळवते, तिकडे वळवते, डोळे मिटायला सांगते. आमची ही गेल्याला दीड वर्ष झालं. तेवढ्या दिवसांत माझ्या चेहऱ्याला कुणाचा हात लागला नव्हता, हे त्या खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं.

असो. माया आहेच, ती तशीच ठेव.

तुझा,
धाकटा

---

१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले. मग गुडघ्याला शेक दिला, समाधान मान. एक सांगते, मी शेकड्यांनी मेलेली माणसं पाहिली आहेत, त्यांतलं एकही हात पुढे करून चाललं नाही. तुझ्या दिग्दर्शकाला सांग, काही शंका असेल तर मला विचार म्हणावं.

थट्टा पुरे. रागावू नकोस, पण मला हे बरं वाटलं नाही. घरातलं माणूस जाऊन दोन वर्षं झाली नाहीत आणि तू मरणाची गंमत करत फिरतोस? काल वाचनालयातल्या बाईंनी भाऊ हल्ली काय करतो असं विचारलं. घड्याळं दुरुस्त करतो असं सांगून मी वेळ मारून नेली. लोक काय म्हणतील, याचा जरा विचार कर. हातात एवढी कला आहे, दुकान परत उघड. डोळ्याला भिंग लावून बसलास की कसा शोभून दिसायचास! उगाच तोंडाला राख फासून धावतोस कशाला?

मोठी आहे म्हणून बोलते. जेवत जा वेळेवर.

मनात किंतु न ठेवता उत्तर लिही.

तुझी,
ताई

---

२ मार्च

ती. ताईस
कृ. सा. न. वि. वि.

दुकान उघड म्हणतेस. शेवटचं सबंध वर्ष मी दुकानात बसून रस्त्याकडे बघत होतो. सगळ्यांच्या खिशात फोन आहे, वेळ त्यातच दिसते. महिन्यातून दोन गिऱ्हाइकं यायची, तीही पट्टा बदलायला. ही होती तोवर दुपारी डबा घेऊन यायची आणि तासभर समोरच्या स्टुलावर बसायची. दुकान चालत होतं ते त्या तासावर. ते पुन्हा कसं उघडू?

लोक काय म्हणतील, हेही तू विचारलंस. लोक आले होते, ताई. ही गेली त्या दिवशी शिवणकामवाली आली, समोरचा औषधवाला शटर ओढून आला, हिच्या शाळेतल्या दोघी आल्या. तू आली नाहीस. ताप आलाय, असं कार्ड आलं. मी त्यावर कधी एक अक्षर लिहिलं नाही. आज लिहितो, कारण मरणाचा मान कसा राखावा हे तू मला शिकवते आहेस.

तिथे मला बरं का वाटतं, ते ऐक. त्या कारखान्यात मला कुणी आता कसं वाटतंय असं विचारत नाही. बोलायचं नसतं, नुसतं कण्हायचं. चौदाजण एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून चालतो. कुणी मागे राहिला तर दिग्दर्शक ओरडतो, की मेलेले सगळे एकत्र दिसले पाहिजेत. संध्याकाळी घरी आल्यावर तोंड धुवायला उशीर करतो मी. धुतलं की एकटाच उरतो.

जास्त लिहीत नाही. नमस्कार पोचावा.

धाकटा

---

२३ जून

चि. धाकट्यास
अ. उ. आ.

साडेतीन महिने मी कागद पुढे घेऊन बसायचे आणि उठायचे. परवा पेपरात तुझ्या सिनेमाची बोटभर जाहिरात दिसली. इथे एकाच थिएटरात, दुपारी बाराचा एकच खेळ. गुडघ्याला पट्टा बांधला आणि गेले. आत आम्ही सहाजण, त्यातले दोघे बहुधा उन्हाला कंटाळून आलेले.

आधी उणंदुणं सांगते, म्हणजे पुढचं खरं वाटेल. तो मिशीवाला जाडा माणूस चार वेळा मरतो आणि चारही वेळा त्याच केरसुणीने. दिवा धरणाऱ्याची सावली भिंतीवर नायकापेक्षा जास्त वेळ आहे. उशीचा विनोद पहिल्यांदा छान, तिसऱ्यांदा ठीक, नंतर मी मोजायचं सोडलं. मध्यांतरानंतर काय करावं ते कुणालाच सुचलेलं नाही, म्हणून सगळे पळत सुटतात. शेवट तर दाखवलाच नाही, एक आवाज येऊन सांगून जातो. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे ही मेलेली माणसं कुणाची होती, हे कुणी विचारतच नाही. आली की झोडपा, एवढंच.

तरीही मी उठून गेले नाही. लहानपणी आपण कॉटवर चादर टांगून नाटक करायचो ना, तसं वाटलं. दोरी दिसते, गाठ दिसते, तरी चादर हलली की दचकायला होतं. त्या चौदाजणांना बघून भीती वाटतच नव्हती. दवाखान्याबाहेर नंबर लावून बसलेली माणसं वाटत होती.

मग ते घर आलं. दार मोडून मेलेले आत घुसतात, जिवंत माणसं किंचाळतात, आणि सगळ्यात शेवटचं प्रेत उंबऱ्याशी थांबून पायपुसण्यावर पाय पुसतं. आधी उजवा, मग डावा, नीट. मग आत येतं. सहापैकी पाचजण खदखदून हसले. मी तोंडात रुमाल धरून बसले होते. तीस वर्षं तिने तुला दारात अडवून पाय पुसायला लावलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या सबंध सिनेमात घर असलेला माणूस तेवढा एकच होता.

आता तापाचं. ताप नव्हता. मी पिशवी भरून बसस्टँडवर गेले होते. तिकीट काढलं, बाकावर बसले. बस लागली, भरली, निघून गेली, मी बसूनच. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, मी पंधराची. तिला पांढऱ्या चादरीखाली ठेवलं होतं आणि ती कधी उठणार असं तू मला विचारलंस. मी उद्या म्हणाले. दुसऱ्या दिवशी तू पहाटेच उठून तिच्या खाटेशी जाऊन बसलास. तुझा तेव्हाचा चेहरा मी नंतर कुठल्याही वॉर्डात पाहिला नाही. त्या बाकावर मला वाटलं, तू पुन्हा माझ्याकडे तसंच बघशील आणि मी पुन्हा काहीतरी खोटं बोलेन.

एवढंच कारण. ते पुरेसं नाही, हे मला कळतं.

जमलं तर उत्तर दे. नाही दिलंस तरी मी लिहीत राहीन.

तुझी,
ताई

---

४ जुलै

ती. ताईस
कृ. सा. न. वि. वि.

उद्या म्हणालीस, ते मला आठवत नाही. खाटेशी बसलो होतो ते मात्र आठवतं. तू मला दूध आणून दिलंस आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसलीस, दिवसभर. एवढंच माझ्याकडे आहे.

पाय पुसणं लिहिलेलं नव्हतं. दार आलं आणि पाय आपोआप थांबले. दिग्दर्शक आधी चिडला, मग सगळे हसायला लागले तेव्हा त्याने ते ठेवलं. मी सिनेमा इथे एकट्याने पाहिला. पुढच्या रांगेतल्या बाईने नवऱ्याला कोपराने ढोसून ती जागा दाखवली आणि हा अगदी तुमच्यासारखा आहे असं म्हणाली. नवराही हसला. ते मी, असं सांगावंसं वाटलं, पण सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

तू उणं काढलंस ते सगळं खरं आहे. मी पुढच्या सिनेमाच्या वेळी दिग्दर्शकाला वाचून दाखवलं. केरसुणी बदलतो म्हणाला. हो, पुढचा सुरू झालाय. तोच कारखाना, तेच मेलेले, जाडा धरून.

तू ये. हिचं कपाट अजून मी उघडलेलं नाही, एकट्याने होत नाही. येत्या मंगळवारची सकाळची बस धर. मी स्टँडवर असेन, पण काम दुपारी संपतं आणि धुवायला वेळ मिळणार नाही. करड्या तोंडाचा, एक कान लोंबणारा म्हातारा दिसला की तो मी. किंचाळू नकोस.

वाट बघतो, तेवढं लक्षात ठेव.

तुझा,
धाकटा

---

२ ऑगस्ट

चि. धाकट्यास
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. गुडघा कुरकुरतोय, पण कुरकुरायला त्याला कारण मिळालं, याचा मला आनंदच आहे.

स्टँडवर तुझ्याभोवती दहा फूट मोकळी जागा होती. सगळे बघत होते आणि तू ताठ उभा होतास. इथे आल्याआल्या मी वाचनालयातल्या बाईंना खरं सांगून टाकलं. त्यांना तुझी सही हवी आहे. मेल्यावर सही कशी करतात ते तूच बघ.

कपाट आवरलं ते बरं झालं. तू कोपऱ्यात खुर्चीवर बसून प्रत्येक कपड्याची गोष्ट सांगत होतास आणि मी घड्या घालत होते. शिवणकामवालीला दिलेली निळी शाल तिने फाडली नाही ना, तेवढं बघ.

एक गोष्ट तोंडाने बोलता आली नाही, म्हणून लिहिते. शेवटच्या दिवशी मी तुझ्याबरोबर कारखान्यात आले, तर जाडा आजारी पडलेला आणि एक प्रेत कमी भरलं. दिग्दर्शकाने माझ्याकडे बघितलं, तू त्याला नको नको म्हणत होतास, पण मी हो म्हणून टाकलं. त्या मुलीने माझी हनुवटी धरली तेव्हा तू पहिल्या पत्रात काय लिहिलं होतंस ते मला कळलं. मी ते वाचून पुढे गेले होते. थांबायला हवं होतं.

मग आपल्याला शेजारी शेजारी गादीवर निजवलं. छाती हलू द्यायची नाही, डोळे उघडायचे नाहीत, अशी ताकीद. आवाज नंतर भरतात असं तू सांगितलं होतंस, म्हणून मी ओठ न हलवता बोलले. मी यायला हवं होतं, असं म्हणाले. कॅमेरा चालू होता, तू तुझ्या कामाशी इमानी आहेस. पण तुझा श्वास चुकला, तो मला ऐकू आला. चाळीस वर्षं मी श्वासच ऐकत आले.

दिग्दर्शकाने झालं म्हणून ओरडून सांगितलं. बाकीचे मेलेले कापूस झटकत उठले, चहाकडे गेले. तू उठला नाहीस. मीही उठले नाही. त्यांना वाटलं, म्हातारी माणसं, झोप लागली असेल. कुणीतरी दिवा बंद केला आणि आपण दोघं तसेच पडून राहिलो, बराच वेळ.

इथे घर शांत आहे. लिहीत जा. तुझी आठवण रोज येते, हे गृहीत धर.

तुझी,
ताई